सव्वातीन लिटरची गाडी

आकाशच्या गाडीच्या धुराला भज्यांचा वास यायला लागला, तेव्हा त्याने आधी स्वतःवरच संशय घेतला. पहाटे पाचला उठलेला, उपाशीपोटी, चार तास झोपलेला माणूस. त्याला कशालाही कसलाही वास येऊ शकतो. पण त्या मंगळवारी अंबरनाथच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "भाऊ, डिकीत कढई ठेवलीय काय?" तेव्हा हा वास खासगी राहिलेला नाही, एवढं आकाशला कळून चुकलं.

बाजूच्या सीटवर त्याची आई रखमा शाल गुंडाळून बसली होती. तिने नाक वर करून दोनदा हुंगलं.

"कांदाभजी नाहीत," ती म्हणाली. "बटाट्याची आहेत."

गाडी तिच्यासाठीच घेतलेली. दीड वर्षापूर्वी रखमाच्या दोन्ही किडन्यांनी, आपसात ठरवल्यासारखा, एकदमच राजीनामा दिला. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सातला उल्हासनगरला डायलिसिस. बदलापूरच्या कात्रप भागातून निघून तिथे पोचण्याचं अवघड काही नव्हतं. पंचाईत परत येण्याची होती. चार तास मशीनला लागून उठलं की रखमाचं बीपी खाली जायचं, पाय कापसाचे व्हायचे, आणि त्या अवस्थेत रिक्षात बसून खड्डे मोजत यायचं. दोनदा ती उलटी करत आली. एकदा रिक्षातच तिची शुद्ध हरपली. रिक्षावाला इतका घाबरला की शुद्धीवर आल्यावर रखमालाच त्याच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. त्या दिवशी आकाशने ठरवलं, आता गाडी.

गाडी मिळाली उल्हासनगरात, जुन्या गाड्यांच्या एका दुकानात. दहा वर्षांची, डिझेलची, टर्बोवाली. "इसमें टर्बो है," डीलर म्हणाला, मुलगा अमेरिकेत असल्याचं सांगावं तसं. मग आवाज खाली आणून, "थोडा तेल पीती है. इंजिन ऑइल. हर इतवार पाव लिटर डालते जाओ, और वो पट्टी निकालके देखने के चक्कर में मत पडो. टेन्शन बढता है."

आकाश अंबरनाथच्या एमआयडीसीत डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होता. दिवसभर झाकण लावायचं, काढायचं, परत लावायचं. असा माणूस खरं तर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. पण आई दुकानातल्या खुर्चीत दमून बसली होती आणि गाडीची मागची सीट चांगली रुंद होती. ठेवला विश्वास.

पहिला महिना गाडीने डीलरचा शब्द राखला. पार्किंगमध्ये तिच्याखाली रोज ताटाएवढा काळा डाग पडायचा. आकाशने बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला सांगितलं, "गाडी छान आहे हो, फक्त तेल पिते." सुमेध अपार्टमेंटमधल्या लोकांनी ही बातमी घरातल्या माणसाचं दुखणं कळावं तशी घेतली. लोक सकाळी आईची चौकशी करायचे आणि पाठोपाठ गाडीची.

त्यालाही कारण होतं. गाडी उल्हासनगरला जाते म्हटल्यावर तीत तीन जण कायमचे बसायला लागले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या इंदुबाई, ज्यांची लेक उल्हासनगरात दिलेली आणि नातू चार महिन्यांचा. दुसऱ्या मजल्यावरचा सुजित, जो तिकडे जीन्सच्या कारखान्यात शिलाईवर होता. आणि त्याच्या समोरच्या दारातली किर्ती, जिचा नर्सिंगचा कोर्स चालू होता. पहिल्याच आठवड्यात सुजितने उतरताना सीटवर पन्नासची नोट ठेवली. रखमाने ती काचेतून त्याच्या अंगावर फेकली.

"मी दवाखान्यात चाललेय," ती म्हणाली. "सीटा भरायला नाही. परत ठेवलीस तर उद्या चालत जायचं."

त्यानंतर कुणी पैशाचं नाव काढलं नाही. आकाशला वाटलं, विषय मिटला.

पाचव्या महिन्यात धूर सुरू झाला. निळा, दाट, सणासुदीचा वाटावा असा. आकाश आरशात बघायचा तेव्हा मागचं कात्रप दिसेनासं झालेलं असायचं. बदलापूरच्या मेकॅनिकने धुराकडे बघितलं, बॉनेट उघडलंही नाही, आणि म्हणाला, "टर्बो गेला." अंबरनाथचा मेकॅनिक म्हणाला, "टर्बोला काही झालेलं नाही. पिस्टनच्या रिंगा बसल्यात. इंजिन खोलावं लागेल."

"किती दिवस?"

"तीन आठवडे धरून चला. पार्ट वेळेवर आला तर."

आकाशने मनात हिशोब केला. तीन आठवडे म्हणजे नऊ फेऱ्या. नऊ वेळा आई रिक्षात. किर्तीने त्याला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दादा, मशीनवरून उठल्यावर काकूंचं बीपी बघितलंय मी. त्यांना बसवून नाही, आडवं करून आणायला पाहिजे." गाडी बंद ठेवायची तर आईचे हाल, चालू ठेवायची तर ती कुठल्या पुलावर मान टाकेल याचा नेम नाही. आकाशला रात्री झोप लागेना. तशीही ती चारच तास लागायची. कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतलेली. कामावरून घरी यायला मध्यरात्र व्हायची, पहाटे पाचला परत उठायचं, आणि आईचं मशीन चालू असताना बाहेरच्या लोखंडी बाकावर बसून राहायचं. त्या बाकावर झोपता येत नाही. बनवणाऱ्याने त्याची काळजी घेतलेली आहे.

कारखान्यात पॅकिंगला असलेली ऋता म्हणाली, "तू परसूभाईकडे जा. उल्हासनगर, कॅम्प नंबर चार. माझ्या मामाची गाडी तिघांनी खोलायची म्हटली होती, परसूभाईने न खोलता बरी केली. तो आधी वास घेतो."

"कसला?"

"गाडीचा. आणि माणसाचा पण घेतो म्हणतात. आंघोळ करून जा."

बुधवारी सकाळी आकाश आंघोळ करून गेला.

परसूभाई साठीचा सिंधी माणूस, पांढरा लेंगा, पांढरा सदरा, आणि या कपड्यांवर तेलाचा एक ठिपका नाही. गॅरेजमध्ये तो एका लाकडी पाटावर बसलेला होता, जेवायला बसावं तसा. हा पाट घेऊन तो गाडीभोवती हिंडायचा. जिथे काही बघायचं तिथे पाट मांडायचा आणि बसायचा. त्याने आकाशला गाडी चालू करायला सांगितली, पाट सायलेन्सरपाशी मांडला, खिशातून पांढरा रुमाल काढून धुरात धरला आणि मग तो नाकाला लावून डोळे मिटले. बराच वेळ मिटले. आकाशला वाटलं, गेला.

"साईं," परसूभाई डोळे न उघडताच म्हणाला, "तुझी गाडी भजिया तळते."

"बटाट्याची," आकाश म्हणाला.

"बटाटा मला नाय समजत. तेल समजते. यह शेंगदाण्याचा आहे. घाण्याचा. असली माल." त्याने डोळे उघडले. "गाडी रात्री कुठे झोपते?"

"बिल्डिंगखाली."

"चाबी?"

"चावी वॉचमनकडे असते. चार गाड्यांच्या जागेत सहा लावतो आम्ही, एकामागे एक. सकाळी पुढची काढायची तर मागची हलवावी लागते. म्हणून सगळ्यांच्या चाव्या केबिनमध्ये खिळ्याला."

परसूभाई 'हं' म्हणाला. हा 'हं' आकाशला आवडला नाही.

मग पाट पुढे आला. परसूभाईने हवेच्या फिल्टरचा डबा सोडवून बाजूला ठेवला, त्यामागचा जाड रबरी पाइप मोकळा केला, टॉर्च मारून टर्बोपर्यंत बोट घातलं आणि आतलं चाक हलवून बघितलं. "टर्बो जवान आहे. लग्न कर त्याचं." गाडीखाली वाकून बघितलं. "नीचे सूखा आहे. कुठे गळत नाय. पहिले गळायची?"

"पहिला महिना. डाग पडायचा. आता वॉचमनने खाली गोणपाट टाकलंय, त्यामुळे दिसत नाही."

"सर्विस कधी केली?"

"दीड महिना झाला. तेल बदललं तेव्हा त्या मुलाने खालच्या बोल्टचा वायसर पण बदलला."

"मग गळत होती ती तिथूनच. दीड महिन्याआधी तुझी गाडी बरी झाली." परसूभाई उठला. "बस. रेस दे. हळू."

आकाश बसला आणि हळूच अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं. धूर आला. परसूभाईने हाताने 'बस' अशी खूण केली. आकाशने पाय काढला.

इंजिनने मात्र काढला नाही.

आवाज वाढत गेला. काटा दोन हजारावरून तीनवर, तीनवरून चारवर, आणि आकाशचे दोन्ही पाय जमिनीवर. त्याने चावी फिरवून बंद केली. काही नाही. चावी काढून हातात घेतली. चावी हातात, आणि गाडी किंचाळतेय. गॅरेज निळ्या धुराने भरलं, शेजारच्या दुकानातला कपडेवाला शटर ओढून आत बसला, आणि आकाश त्या चावीकडे बघत राहिला. सहा महिन्यांत तिच्यावर त्याने कधी इतकं बारकाईने लक्ष दिलं नव्हतं.

परसूभाईने बूड झाडलं, पाट उचलला, आणि त्या मोकळ्या रबरी पाइपच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरला. इंजिनने एक खोल श्वास ओढायचा प्रयत्न केला, पाट जागेवर थरथरला, गाडीने दोन गचके खाल्ले आणि मान टाकली.

शांतता झाली. परसूभाईने पाट परत मांडला आणि त्यावर बसला.

"हवा बंद तर सगळे बंद," तो म्हणाला. "तू पण, मी पण."

आकाश खाली उतरला. काल हीच गाडी, हीच सीट. बाजूला आई होती, मागे तिघं. अंबरनाथच्या पुलावर. पाटाशिवाय. तो टायरला टेकून खालीच बसला, आणि परसूभाईने त्याला न विचारता पाण्याची बाटली दिली.

पाणी पिऊन झाल्यावर परसूभाईने तेल मोजायची पट्टी ओढून काढली. तिच्यावर खाली दोन खुणा असतात, एक कमीची, एक जास्तीची, आणि तेल त्या दोघींच्या मध्ये असायला हवं. तेल पार वर, मुठीपर्यंत होतं.

"हे कधी बघितले नाय?"

"एकदोनदा बघितलं. पण ती नेहमी वरपर्यंत तेलकटच असायची. मला वाटलं, मी नीट पुसत नाही."

परसूभाईने पट्टी त्याच्या हातात दिली. "काम काय करतो?"

"क्वालिटीला आहे."

परसूभाई हसला नाही, हे त्याचे उपकारच. त्याने खालचा बोल्ट सोडला. या गाडीत तेल मावतं सव्वातीन लिटर. पाच लिटरचा डबा भरला. बोल्टच्या भोकाला बोट लावून परसूभाईने चहाचं पातेलं मागवलं. तेही अर्धं भरलं. जळून हवेत गेलं ते वेगळं.

"बघ," परसूभाई म्हणाला. "तेल जास्ती झाले की आत मशीन त्याला ताकासारखे घुसळते. फेस येतो. तो फेस वरच्या नळीने हवेच्या रस्त्यात जातो, तिथून टर्बो ओढतो आणि इंजिनला देतो. इंजिनला काय, डिझेल असो, तेल असो, जळते ना? बस. आज तर त्याने डिझेल सोडून दिले, तेलावरच पळाले. तुझी गाडी तेल पीत नाय, साईं. तुझी गाडी तेल ओकते. धूर बघून तू समजतो भूक लागली, अजून पाजतो."

"मी फक्त पाव लिटर टाकतो. रविवारी. सहा आठवड्यांचं दीड लिटर होतं फार तर."

"तर बाकीचा?" परसूभाईने पातेल्यात बोट बुडवून वास घेतला. "एक तुझा. एक मोटरसायकलचा आहे. एक नवा, चांगल्या कंपनीचा, महाग. आणि एक भजियावाला." तो आकाशकडे बघून हसला, पहिल्यांदाच. "तुझ्या गाडीवर लोक प्रेम करतात बहुत."

नवीन तेल, नवीन फिल्टर, पट्टीवर बरोबर दोन खुणांच्या मध्ये. हवेचा रस्ता पुसून कोरडा. इंजिन चालू केलं, रेस दिली, पाय काढला, इंजिन बसलं. चावी फिरवली, बंद झालं. आकाशने चारदा चालू-बंद करून बघितलं. पाचव्यांदा करताना परसूभाईने त्याच्या हातातून चावी घेतली आणि बॉनेटवर ठेवली. मजुरीचं विचारल्यावर म्हणाला, "तेलाचे दे, फिल्टरचे दे. वास घेण्याचे मी नाय घेत."

"आणि पाटाचं?"

"पाट माझ्या आईचा आहे," परसूभाई म्हणाला. "तू पण आईला आणतो ना रोज? ऋताने फोनवर सांगितले. जा."

आकाशने हात जोडले. त्याला अजून काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच की, "कपड्यांवर डाग कसा पडत नाही हो तुमच्या?" परसूभाई म्हणाला, "घाई नाय करत."

नाथाकाका सुमेध अपार्टमेंटचे रात्रीचे वॉचमन. वीस वर्षं सिमेंटचा ट्रक चालवून झाल्यावर आता केबिनमध्ये बसायचे, रात्री तिथेच गाढ झोपायचे, आणि बसल्या जागेवरूनही गियर बदलल्यासारखा त्यांचा डावा हात हलायचा. ड्युटी सहाला संपली तरी दुपारपर्यंत ते तिथेच सापडायचे, कारण त्यांच्या घरचा टीव्ही केबिनमधल्यापेक्षा लहान होता. आकाश थेट त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"काका, माझ्या गाडीत तेल कोण टाकतं?"

नाथाकाकांची छाती दोन इंच फुगली. "कळलं होय शेवटी! अरे, तुझ्या गाडीला एक दिवस उपाशी ठेवली नाही मी."

"म्हणजे तुम्ही?"

"मी फक्त शुक्रवारचा." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "सोमवारी सुजित, त्याच्या मोटरसायकलचं उरलेलं. बुधवारी किर्तीपोरगी, ती बिचारी नवी बाटली आणते, सीलबंद. रविवारी तू स्वतः. आणि इंदुबाई, त्यांच्या गावाकडून तेल आलं की. बॉनेट मी उघडून देतो. कुणी जास्ती ओतायला लागलं तर मी म्हणतो, थोडंच, दुसऱ्यांनाही पुण्य मिळू दे."

"पण का?"

नाथाकाकांना प्रश्नच समजला नाही. "का म्हणजे? तुझी आई पैसे घेत नाही. नोटा फेकून मारते. मग माणसाने करायचं काय? डिझेलच्या टाकीला झाकण, त्याला कुलूप. तू म्हणालास, गाडी तेल पिते. मग आम्ही म्हटलं, पाजू." त्यांनी आकाशकडे बोट रोखलं. "माझी बायको आजारी होती गेल्या दिवाळीत, रात्री साडेबाराला दवाखान्यात कुणी नेलं? तूच ना. तेव्हा तू शिफ्टवरून नुकता आलेलास, बूट पण काढले नव्हतेस. मग?"

दीड महिना सगळी बिल्डिंग, मोठ्या मनाने, पाळीपाळीने, त्याच्या आईला पुलावर मारायला निघाली होती. तो रागवायला आला होता. राग केबिनच्या दारात हरवला आणि सापडेना.

वर गेला तर रखमा भाजी निवडत होती. त्याने तिला सगळं सांगितलं: धूर, पाट, चावी हातात आणि गाडी चालू, साडेपाच लिटर. पुलाचं सांगितलं नाही. सांगून झाल्यावर रखमा बराच वेळ मेथीच्या एकाच काडीची पानं खुडत राहिली.

"एकदा मी पण टाकलं," ती म्हणाली.

"आई!"

"रविवारी तू झोपला होतास. म्हटलं, पोराला कशाला उठवा. नाथाभाऊजींनी बॉनेट उघडून दिलं. डावा हात मशीनचा, त्याने वजन उचलायचं नाही म्हणतात, म्हणून उजव्याने ओतलं. थोडं सांडलं पण." तिने काडी खाली ठेवली. "मग तू उठलास आणि परत टाकलंस. मला म्हणता आलं नाही."

आकाश हसायला लागला. हसता हसता त्याला जमिनीवर बसावं लागलं. त्याच दिवशी दुसऱ्यांदा.

आता लोकांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. दारोदार जाऊन 'तुमच्या तेलाने आम्ही मेलो असतो' म्हणणं बरं दिसलं नसतं. आकाशने कारखान्यातल्या सूचनांच्या भाषेत एक कागद तयार केला आणि शिफ्टला निघताना खालच्या बोर्डावर लावला: 'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की आमच्या गाडीची प्रकृती पूर्णपणे सुधारली असून तिला कोणीही तेल पाजू नये. खाद्यतेल तर नयेच. आपल्या प्रेमाबद्दल गाडी आभारी आहे.'

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिघांपैकी कुणीच गाडीत बसायला आलं नाही. डायलिसिसवरून परत आल्यावर रखमा पडली होती तेव्हा इंदुबाई आत आल्या. पाठोपाठ कामावर खाडा केलेला सुजित, किर्ती, नाथाकाका. चौघंही कुणाच्या मयताला आल्यासारखे ओळीत उभे.

"खाद्यतेल तर नयेच," इंदुबाईंनी कागदावरचं तोंडपाठ म्हणून दाखवलं. "मना वाचून दावला किर्तीपोरीनं. म्हंजी आमचा त्याल वाईट? घान्याचा हाय तो! माज्या जावयाला नाय देत मी, तुज्या गाडीला दिला."

"तेल एक नंबर आहे, मावशी," आकाश म्हणाला. "परसूभाई पण तेच म्हणाला. पण इंजिनला नाही चालत."

"आमच्याकडं टॅक्टरला काय बी चालतं."

"दादा, मी बाटलीवरचा ग्रेड बघून आणलं होतं," किर्ती म्हणाली. तिला रडू येत होतं. "मला वाटलं, काकूंची गाडी बंद पडायला नको."

"माझ्या बाइकचं पण चांगलंच असतं," सुजित म्हणाला. "म्हणजे वापरलेलं असतं, पण थोडंच वापरलेलं." मग त्याच्याच लक्षात आलं आणि तो किर्तीच्या मागे सरकला.

"ते ऱ्हाऊ दे," इंदुबाई खाली बसल्या. "त्याल नको, पैसा नको. मंग आमी करायचा काय? फुकाट बसून फिरायचा? मी आजपासून नाय येनार गाडीत. नातवाला फोनवर बघन." असं म्हणताना त्यांचा आवाज फुटला, कारण नातू फोनवर बघण्यासारखा अजून झालेला नव्हता, तो फोन चाटायचा.

आकाशने इंदुबाईंपुढे पाण्याचा पेला धरला. झाकणांच्या धंद्यात अशी वेळ येत नाही.

रखमा पलंगावर कुशीवर वळली. मशीनवरून आलेल्या दिवशी तिचा आवाज लहान व्हायचा, त्यामुळे सगळे वाकले.

"एक मागू का मग?" ती म्हणाली.

"माग की," इंदुबाई म्हणाल्या. "कवापासून वाट बघतोय."

"मला तिथं चार तास पडून राहावं लागतं. माझं काही नाही, मी झोपते. हा बाहेर बाकावर बसून असतो. मध्यरात्री कामावरून येतो, पाचला उठतो, सात ते अकरा बाकावर. तिथून येऊन दुपारी परत कामावर." ती दम घ्यायला थांबली. "हा मला सांगत नाही. पण परवा गाडी सिग्नलला उभी होती तेव्हा याचे डोळे मिटलेले मी बघितले. इंजिनचं मला काही कळत नाही. मला भीती याची वाटते."

सिग्नलला भज्यांचा वास घेताना आई आपल्याकडेही बघत होती, हे आकाशला माहीतच नव्हतं.

"तेवढं कुणी बाकावर बसलात तर," रखमा म्हणाली, "माझ्या पोराला झोपायला मिळेल."

पुढची पाच मिनिटं कात्रपमधल्या त्या खोलीत जो गोंधळ झाला तो आकाशला नीट आठवत नाही. इंदुबाई म्हणाल्या, मंगळवार माझा, लेकीकडं अकरानंतर जाईन. किर्ती म्हणाली, गुरुवारी मला कॉलेज नसतं आणि मी बीपीसुद्धा बघेन, म्हणजे गुरुवार माझाच. सुजित म्हणाला, शनिवारी मला हाफ डे, तोही दुपारचा, कुणी मध्ये पडू नका. इंदुबाई म्हणाल्या, शनिवार बी माझा. सुजित म्हणाला, मावशी, दोन-दोन वार नाही चालणार. पाच मिनिटांपूर्वी गाडीत पाय न ठेवण्याची शपथ घेणारी बाई आता आठवड्यातून दोनदा जायला भांडत होती.

"अरे, पण गाडी कोण चालवणार?" आकाश म्हणाला. "मला यावंच लागेल ना."

सगळे एकदम नाथाकाकांकडे वळले. त्यांचा डावा हात हवेत गियर शोधत होता.

शनिवारी आकाश सवयीने पाचला उठून, सहाला घरातली दुसरी चावी घेऊन खाली आला तेव्हा गाडी भरलेली होती. स्टिअरिंगवर नाथाकाका, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. बाजूला रखमा. मागे सुजित, किर्ती आणि इंदुबाई, ज्यांचा आज वार नव्हता. गाडीत पाच सीट, पाच माणसं. मालकाला जागाच नव्हती.

"पट्टी बघितली?" त्याने विचारलं.

"दोन खुणांच्या मध्ये," नाथाकाका म्हणाले. "मी बघितलं, सुजितने बघितलं, किर्तीने फोटो काढला. आता हट."

"हळू न्या. परत येताना आईला मागे आडवं करा. अंबरनाथच्या पुलावर–"

"आकाश," रखमा काच खाली करून म्हणाली, "वीस वर्षं सिमेंट नेलंय यांनी. मी सिमेंटपेक्षा हलकी आहे. वर जा."

गाडी निघाली. आकाश गेटमध्ये उभा राहिला. ही गाडी त्याने सहा महिने चालवली होती, पण मागून जाताना कधी बघितली नव्हती. बघणार कसा, तो नेहमी आत असायचा. कोपऱ्यावर नाथाकाकांनी उगाचच एकदा हॉर्न दिला, ट्रकचा दिल्यासारखा. सायलेन्सरमधून काही आलं नाही. ना निळं, ना पांढरं. रस्त्यापलीकडची दुकानं, त्यांच्या पाट्या, पाट्यांवरचे फोन नंबर, सगळं स्वच्छ दिसत होतं.

आकाशने मोकळ्या हवेत एकदा हुंगून बघितलं. मग वर गेला, आईच्या पलंगावर आडवा झाला, आणि चप्पल काढायच्या आत झोपला.